बारोलोच्या आधी बार्बेरा: इटलीच्या रेड वाइन द्राक्षागणिक ओळखण्याची वाट

इटलीत 20 प्रांत आहेत आणि वाइन होत नाही असा त्यांतला एकही नाही. वाइनसाठी सरकारी मान्यता असलेल्या द्राक्षजाती 350 च्या वर जातात, आणि त्यांतल्या कितीतरी आपापल्या खोऱ्याबाहेर कुणी लावतही नाही. हा पसारा पाहून नवखा माणूस बिचकतो आणि दुकानात गेल्यावर कानावरून गेलेलं एखादं मोठं नाव, बहुधा बारोलो किंवा आमारोने, उचलून आणतो. माझं मत असं की सुरुवात तिथून करू नये. आधी सात-आठ स्थानिक द्राक्षांची नीट ओळख करून घ्यावी. तीही त्यांच्या साध्या, रोजच्या वाइनमधून, आणि दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून. पुढची वाट त्याच हिशोबाने आखली आहे. एकेका टप्प्यावर महिना-दोन महिने रेंगाळलात तरी काही बिघडत नाही.

कॅबरने, मर्लो या फ्रेंच जातीही इटलीत भरपूर लावल्या जातात आणि त्यांच्या काही वाइन जगभर नावाजल्या आहेत. तूर्त त्या बाजूला ठेवा. चांगली कॅबरने अनेक देशांत मिळेल. चांगली नेब्बिओलो किंवा आल्यानिको हवी असेल, तर मात्र जवळजवळ इटलीलाच जावं लागतं.

टप्पा पहिला: लेबल वाचायला शिका

इटालियन बाटलीवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं किंवा टापूचं असतं. म्हणून थोडी घोकंपट्टी करावी लागते. बारोलो आणि बार्बारेस्को म्हणजे नेब्बिओलो. किआंती आणि ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो म्हणजे सांजोवेझे. वाल्पोलिचेल्ला आणि आमारोने म्हणजे मुख्यतः कोर्विना. ताउरासी म्हणजे आल्यानिको. एत्ना रोस्सो म्हणजे नेरेल्लो मास्कालेझे. एवढं पाठ झालं की दुकानातलं निम्मं कपाट वाचता येतं. काही बाटल्यांवर आधी द्राक्ष आणि मग ठिकाण असतं: बार्बेरा दास्ती, आल्यानिको देल वुल्तुरे.

एक जागा खास फसवी आहे. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ या नावातलं मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे आणि ते पूर्व किनाऱ्यावरच्या आब्रुत्सो प्रांतात पिकतं. ‘व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’मधलं मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं डोंगरावरचं गाव आहे आणि त्या वाइनमध्ये किमान 70 टक्के सांजोवेझे असते. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली मऊ, गडद, खिशाला परवडणारी. दुसरी ताठ आणि जास्त किमतीची.

मग येतात दर्जाची अक्षरं. इटलीने 1963 साली कायदा करून डीओसी ही श्रेणी आणली: अमुक टापू, अमुक द्राक्षं, अमुक पद्धत. तिच्यावरची डीओसीजी ही श्रेणी 1980 पासून प्रत्यक्षात आली आणि बारोलो, ब्रुनेल्लो, व्हीनो नोबिले ही तिच्यातली पहिली नावं. आयजीटी ही सैल नियमांची श्रेणी 1992 च्या कायद्यातून आली. ही अक्षरं वाइन कुठली आणि कोणत्या नियमाने केली ते सांगतात. चव किती चांगली, हे त्यांवरून ठरवू नका. याचं उत्तम उदाहरण किआंतीतच घडलं. 1967 च्या डीओसी नियमांनी किआंतीच्या लाल वाइनमध्ये किमान 10 टक्के पांढरी द्राक्षं मिसळायची सक्तीच केली होती. आंतिनोरी घराण्याने 1971 साली तिन्यानेल्लो ही वाइन काढली ती या चौकटीबाहेर पडून, आणि तिच्यावर ‘टेबल वाइन’ असा सर्वांत खालचा शिक्का पत्करला. पुढे ती इटलीतल्या सर्वांत मान्यवर वाइनपैकी एक ठरली आणि नियमांनाच बदलावं लागलं. म्हणून श्रेणीपेक्षा उत्पादकाचं नाव लक्षात ठेवण्याची सवय लावा.

‘क्लासिको’ म्हणजे त्या टापूचा जुना, मूळ गाभा. ‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त मुरवलेली. ‘सुपेरिओरे’मध्ये सहसा अल्कोहोल थोडं जास्त असतं. रिझेर्वा ही चांगलीच असते असा समज मात्र काढून टाका. साध्या जेवणासोबत साधी वाइन कितीदा तरी जास्त खुलते.

टप्पा दुसरा: तापमान, ग्लास आणि दोनच प्रश्न

आपल्याकडे रेड वाइनचं सर्वांत मोठं नुकसान करते ती उष्णता. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथलं ते तापमान 16 ते 18 अंश. पुण्यात किंवा नागपुरात मार्च महिन्यात कपाटातली बाटली 30 अंशांच्या पुढे गेलेली असते. अशी वाइन नाकात नुसती अल्कोहोलने झणझणते आणि फळाचा वास दबून जातो. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. बार्बेरा, दोल्चेत्तो, फ्राप्पातो या हलक्या वाइन 14-15 अंशांवरही छान लागतात. साठवायची असेल तर स्वयंपाकघरात किंवा फ्रिजच्या डोक्यावर कधीच ठेवू नका. घरातली सर्वांत थंड, अंधारी जागा शोधा आणि बूच असलेली बाटली आडवी ठेवा.

ग्लास तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असला की पुरे. एका वेळी 50 मिलिलिटर ओता. चौघे-पाच जण मिळून दोन बाटल्या उघडल्या, तर खर्च वाटला जातो, कुणाचं पिणं जास्त होत नाही आणि चार नाकं एका नाकापेक्षा बरंच काही टिपतात.

चव घेताना सुरुवातीला दोनच प्रश्न विचारा. आंबटपणा किती? घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते ती त्याने. तुरटपणा किती? हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडतात ते द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे. इटलीची बहुतेक लाल द्राक्षं या दोन मापांवर एकमेकांपासून वेगळी काढता येतात. चेरी, जर्दाळू, चामडं, तंबाखू ही वासांची यादी नंतर आपसूक येते. ती आली नाही म्हणून कुणाचं शिकणं अडत नाही.

टप्पा तिसरा: पिएमोंतेची जोडी

वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातून दोन बाटल्या आणा: एक बार्बेरा दास्ती किंवा बार्बेरा दाल्बा, आणि एक लांगे नेब्बिओलो. दोन्ही शक्यतो ओकच्या नव्या पिंपात न मुरवलेल्या. दोन ग्लास शेजारी ठेवून आधी फक्त रंग पाहा. बार्बेरा गर्द जांभळट, नेब्बिओलो फिकट, कडेला विटकरी झाक असलेली. रंगावरून कुणीही म्हणेल की बार्बेरा जड असणार. आता घोट घ्या. बार्बेरात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच. फिकट दिसणारी नेब्बिओलो मात्र हिरड्या धरून ठेवते. रंग आणि ताकद यांचा संबंध नसतो, हे या एका जोडीतून जितकं पक्कं कळतं तितकं वाचून कधीच कळणार नाही. म्हणूनच मी प्रत्येकाला इथून सुरुवात करायला सांगतो.

नेब्बिओलो जागेबाबत फार हट्टी आहे. वसंतात लवकर फुटते, पिकायला मात्र ऑक्टोबर उजाडतो, त्यामुळे लांगेच्या टेकड्यांवरचे सर्वांत उबदार, दक्षिणेकडे तोंड केलेले उतार तिलाच द्यावे लागतात. उरलेल्या जागी बार्बेरा आणि दोल्चेत्तो. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात रोजच्या जेवणाला हीच दोन असायची. बारोलो सणाला किंवा विकायला. दोल्चेत्तोत आंबटपणा कमी आणि थोडा तुरटपणा असतो. ती दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची वाइन आहे.

नेब्बिओलो आवडली की मग बारोलो-बार्बारेस्कोकडे वळा. दोन्हींत फक्त नेब्बिओलोच असते. बारोलो 11 गावांच्या हद्दीत होते आणि किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला 26 महिने, त्यातले 9 लाकडात. माझा सल्ला, आधी बार्बारेस्को घ्या. ती सहसा लवकर मोकळी होते. ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था गावच्या पाद्रीबाबांनी 1958 साली 19 शेतकऱ्यांना एकत्र करून उभी केली. सहकाराचा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळा सांगायला नको. ही संस्था आजही फक्त नेब्बिओलोच करते, आणि तिच्या साध्या लांगे नेब्बिओलोपासून एकेका बागेच्या रिझेर्वापर्यंत चढत जाणं हा या द्राक्षाचा फार चांगला अभ्यास आहे.

तरुण बारोलो उघडायची असेल तर दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा. सुरुवातीला बंद, कडक वाटणारी वाइन हळूहळू गुलाबाच्या पाकळ्या आणि डांबर अशा विचित्र जोडीचा वास सोडू लागते. दहा वर्षांहून जुनी असेल तर मात्र हवा जपून द्या. आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि सावकाश ओता.

टप्पा चौथा: सांजोवेझेची शिडी

सांजोवेझे हे इटलीत सर्वाधिक लावलं जाणारं लाल द्राक्ष. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही ठसठशीत, आंबट चेरीचा वास, आणि मागे कोरड्या पाल्याचा एक सुगंध. टोमॅटोच्या रश्शाबरोबर ती शोभते, कारण टोमॅटोच्या आंबटपणापुढे मऊ वाइन पाणचट लागते आणि ही तशीच्या तशी उभी राहते.

शिडी अशी चढा: आधी साधी किआंती, मग किआंती क्लासिको, मग रोस्सो दी मोंताल्चिनो, शेवटी ब्रुनेल्लो. किआंती क्लासिको म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्या. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने 1716 साली आज्ञापत्र काढून किआंतीसह चार टापूंच्या सीमा आखल्या. 1932 साली किआंतीची हद्द बरीच वाढवली गेली आणि तेव्हापासून मूळ भागाला क्लासिको म्हणतात. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो. इटलीचा माजी पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली याने 1872 साली पत्रात लिहून ठेवलं की वासासाठी आणि जोमासाठी सांजोवेझे, ती मऊ करायला कानायोलो, आणि टिकवायच्या वाइनमध्ये पांढरी माल्वाझिया टाळलेलीच बरी. त्याचं ते शेवटचं वाक्य नियम करणाऱ्यांनी बाजूला सारलं आणि त्यातून पुढचं रामायण घडलं. आज क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेझे लागते आणि 2006 च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण बंदी आहे.

ब्रुनेल्लो ही दक्षिणेकडच्या, जास्त उबदार मोंताल्चिनोची. त्यात शंभर टक्के सांजोवेझे. काढणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीआधी ती विकता येत नाही. रोस्सो दी मोंताल्चिनो त्याच टापूतून, त्याच द्राक्षाची, पण वर्षभरात बाजारात येते आणि किंमत बरीच कमी. चांगल्या उत्पादकाची रोस्सो ही मला या सगळ्या शिडीतली सर्वांत फायद्याची पायरी वाटते. साधारण उत्पादकाच्या ब्रुनेल्लोपेक्षा ती निःशंक घ्यावी.

सांजोवेझेचा एक धागा थेट सोलापूर जिल्ह्यात येतो. अकलूज परिसरातल्या फ्रातेली या वायनरीमागे इटलीतले सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांची भागीदारी आहे, आणि टस्कनीतले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तिथे सांजोवेझे लावली गेली. त्यांची सांजोवेझे आणि एखादी किआंती शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे वेल पावसाळ्यानंतर छाटून हिवाळ्यात वाढतो आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. टस्कनीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थंडी उतरत असताना होते. द्राक्ष तेच, ऋतुचक्र उलटं. आंबटपणात आणि फळाच्या पिकलेपणात काय फरक पडतो ते स्वतःच्या जिभेने ठरवा.

टप्पा पाचवा: सुकवलेल्या द्राक्षांची वेरोना

तासगाव-सांगलीकडच्या वाचकाला हा टप्पा सर्वांत जवळचा वाटेल. वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या जातींचे निवडक घड काढणीनंतर हवेशीर माळ्यांवर पसरून ठेवतात. पूर्वी बांबूच्या ताटव्यांवर, आता बहुधा लाकडी किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये. आपल्याकडे द्राक्ष तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये पंधरवड्याच्या आसपास बेदाणा तयार होतो. तिकडे काही न लावता, थंडीत, तीन ते चार महिने सावकाश सुकवतात, आणि बेदाणा व्हायच्या कितीतरी आधी थांबतात. वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतं, साखर दाटते. मग हिवाळ्यात तो रस आंबवला जातो. साखर पूर्ण आंबली की आमारोने, किमान 14 टक्के अल्कोहोलची, प्रत्यक्षात बऱ्याचदा 15-16 ची. साखर शिल्लक ठेवली की गोड रेचोतो, जी मुळात जुनी.

इथे तीन बाटल्यांचा अभ्यास करा: साधी वाल्पोलिचेल्ला, रिपास्सो आणि आमारोने. साधी वाल्पोलिचेल्ला हलकी, आंबट चेरीची. रिपास्सो म्हणजे तीच वाइन आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली. एकाच बागेतलं द्राक्ष फक्त पद्धतीने किती बदलतं ते तिन्ही घोटांत दिसतं. आमारोने जेवणाबरोबर जपून घ्या. ती बहुतेक पदार्थांना झाकोळते. जेवण आटोपल्यावर जुन्या, कडक चीजबरोबर तिचा छोटा ग्लास, हीच तिची खरी जागा.

टप्पा सहावा: दक्षिण आणि ज्वालामुखी

दक्षिणेची वाइन म्हणजे ऊन, गोडसर पिकलेलं फळ आणि कमी आंबटपणा, असा समज आहे. पुल्या प्रांताच्या प्रिमितीवो या द्राक्षाला तो बराचसा लागू पडतो. ती लवकर पिकते, अल्कोहोल चढं असतं. कॅलिफोर्नियातली झिनफांडेल म्हणजे हीच, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालं, आणि 2001 साली तिचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडलं. म्हणजे काटेकोर अर्थाने ती इटलीची नव्हेच, पण पुल्याने तिला आपलं केलं आहे. तिच्याबरोबर तिथली नेग्रोआमारोही चाखा; तिची कडसर शेवटची चव जेवणाबरोबर जास्त कामाला येते.

पण हा समज मोडणारं द्राक्ष म्हणजे आल्यानिको. काम्पानियातल्या इर्पिनियाच्या उंच टेकड्यांवर आणि बासिलिकाता प्रांतातल्या वुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारांवर ते ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबरात काढलं जातं, म्हणजे पिएमोंतेच्याही नंतर. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही नेब्बिओलोच्या तोडीचे, रंग मात्र काळोखा. ताउरासीत किमान 85 टक्के आल्यानिको असते आणि ती तीन वर्षं मुरवावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले शेतकरी भरपूर पीक देणाऱ्या जातींकडे वळत असताना मास्त्रोबेरार्दिनो घराण्याने हे द्राक्ष सोडलं नाही, आणि त्यांची 1968 ची ताउरासी आजही आदराने आठवली जाते. आल्यानिकोची तरुण बाटली सहन होणं कठीण. आठ-दहा वर्षांची मिळाली तर घ्या. बारोलोच्या तुलनेत ती अजूनही पुष्कळ स्वस्त आहे, आणि हे मला खरोखर अन्यायाचं वाटतं.

सिसिलीत दोन टोकं आहेत. नेरो दाव्होला: गडद, पिकलेलं, सर्वत्र मिळणारं. आणि एत्ना ज्वालामुखीच्या काळ्या मातीतलं नेरेल्लो मास्कालेझे, रंगाने फिकट, बांध्याने सडपातळ, हजार मीटरच्या आसपासच्या उंचीपर्यंत लावलेलं. अनेक बागांत फिलॉक्सेरा या किडीच्या तडाख्यातून वाचलेले, स्वतःच्याच मुळांवर उभे जुने वेल आहेत. ज्वालामुखीच्या रेताड मातीत ती कीड जगत नाही. एत्ना रोस्सो आणि लांगे नेब्बिओलो चिठ्ठी झाकून मित्रांना द्या. कुठली कुठली ते ओळखताना तुमची आतापर्यंतची सगळी शिदोरी कामाला येईल. चेरासुओलो दी वित्तोरिया ही सिसिलीची एकमेव डीओसीजी. नेरो दाव्होलात सुवासिक फ्राप्पातो मिसळलेली, थोडी गार करून प्यायची.

उंब्रियाचं साग्रान्तीनो हे जगातल्या सर्वांत तुरट द्राक्षांपैकी एक. एकदा जरूर, पण भरपेट मांसाबरोबरच.

टप्पा सातवा: आपल्या ताटाबरोबर

मिरचीचा जाळ आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही वाढतात, अल्कोहोल त्यात भर घालतं. त्यामुळे तांबड्या रश्श्यासमोर बारोलो किंवा आमारोने नको. तिथे गार बार्बेरा, फ्राप्पातो, किंवा एमिलियाची फेसाळ लाल लाम्ब्रुस्को आणा. मोदेनाकडे ती डुकराच्या चरबीदार पदार्थांबरोबर पितात, कारण तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन टाकतात. आपल्या तर्रीवरही ती हेच काम करते. गोड आणि कोरडी अशा दोन्ही तऱ्हा मिळतात, तेव्हा लेबलवर कोरडीसाठी ‘सेक्को’ पाहून घ्या. भाजलेल्या वांग्याच्या भरिताला एत्ना रोस्सो, कमी तिखट सुक्या मटणाला आल्यानिको. बांगडा-सुरमईला तुरट रेड वाइन टाळा. माशाच्या तेलाबरोबर तोंडात धातूसारखी चव येते.

खरेदीबद्दल

भारतात आयात वाइनची किंमत करांमुळे मूळ देशातल्या किमतीच्या कितीतरी पट होते, त्यात साठवण उन्हात झाली असण्याचा धोका वेगळा. वातानुकूलित दुकानातूनच घ्या, बूच वर आलेली किंवा गळ्याशी चिकट ओघळ असलेली बाटली परत करा. परदेशातून येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या दोन जागा आपल्याकडे सहज मिळणाऱ्या किआंतीवर घालवू नका. ताउरासी, बार्बारेस्को किंवा एत्ना रोस्सो आणा. परदेशात राहत असाल तर एकाच उत्पादकाची साधी आणि वरची अशी जोडी घेत जा.

उघडलेली बाटली घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. बार्बेरा, वाल्पोलिचेल्ला दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवाव्यात. तरुण नेब्बिओलो आणि आल्यानिको मात्र दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगल्या लागतात, म्हणून त्यांतला एक ग्लास मुद्दाम मागे ठेवा आणि फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढून मगच प्या.